पुढच्या वर्षीची खोकी

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या रस्त्यावर पानांचा पसारा सुरू होतो. अमेरिकेतल्या या वेस्ट विंडसरमधले मेपल आधी कडेकडेने लाल होतात आणि मग दोन दिवसांत सगळं झाड रिकामं. पूर्वी लोक दंताळ्याने पानं ओढायचे, दुपारभर ती खरखर ऐकू यायची. आता पाठीवर यंत्रं बांधलेली माणसं येतात आणि पानं फुंकून लावतात. श्रीधर खिडकीशी उभा राहून त्यांच्या कामातल्या चुका काढतो. पंच्याहत्तरी ओलांडली तरी नवऱ्याची ही सवय काही सुटलेली नाही, आणि ती सुटावी असं मलाही आता वाटत नाही.

परवा अशाच एका दुपारी इथल्या मराठी मंडळातून फोन आला. पुण्याहून शिकायला आलेला एक मुलगा स्मरणिकेचं काम बघतोय. "नलिनीकाकू, एटीज्‌मध्ये तुम्ही ते अमेरिकन नाटक मराठीत केलं होतं ना? त्यावर दोनशे शब्द द्याल? इल्यूजन व्हर्सेस रिॲलिटी असा अँगल घ्या ना, मस्त होईल." मी हो म्हटलं. मला नाही म्हणता येत नाही, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. दोनशे शब्द लिहायला बसले आणि लक्षात आलं, की नाटक बाजूलाच राहतंय आणि मला तो एक पानगळीचा मोसमच आठवतोय.

त्या मोसमाला वास होता. आमच्या तालमी एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये चालायच्या, शनिवारी दुपारी दोन ते पाच. फरशीच्या पॉलिशचा वास, मोठ्या भांड्यात तासन्‌तास उकळणाऱ्या कॉफीचा वास, खुंट्यांवरच्या ओल्या कोटांचा वास, आणि या सगळ्यावर मात करून कुणीतरी डब्यातून आणलेल्या साबुदाण्याच्या खिचडीचा. खिडक्या छताला लागून होत्या, त्यामुळे बाहेरच्या माणसांचे फक्त बूट दिसत. माझी मुलगी मेधा कोपऱ्यातल्या टेबलावर गृहपाठ करत बसे आणि मधूनच बूट मोजे. ती नऊ वर्षांची होती, चौथीत. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत.

नाटक इथल्या शाळांमधून शिकवतात तसलं, जुनं, नावाजलेलं. एक बाप दरवर्षी घरच्यांना सांगत असतो, की पुढच्या वर्षी आपण आपल्या फळबागेवर राहायला जाऊ. बाग कधीच हातची गेलेली असते, पण तो सांगत राहतो. दक्षिणेतला कडक उन्हाळा, भाड्याचं घर, बांधून ठेवलेल्या ट्रंका. शेवटच्या प्रवेशात बायको शांतपणे म्हणते, की मला हे केव्हापासून माहीत होतं. विलास नावाच्या आमच्या दिग्दर्शकाने ते मराठीत आणलं. तो नागपूरचा, त्यामुळे मुळातली पीचची बाग काटोलची संत्र्याची बाग झाली आणि दक्षिणेतलं गाव वर्धा झालं. नाटकाचं मराठी नाव आम्ही तीनदा बदललं. शेवटी कुठलं ठेवलं ते आज कुणाला आठवत नाही.

बापाचं काम अरविंद करत होता. माणूस दिवसभर एका औषध कंपनीत उंदरांना टोचायचा आणि शनिवारी धोतर नेसून संत्र्यांची स्वप्नं बघायचा. धोतर शिकागोहून आलं होतं. त्याच्या आतेभावाने तिथल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून घेऊन पार्सल केलं होतं, आणि पार्सलातच घड्या इतक्या पक्क्या बसल्या होत्या की अखेरपर्यंत त्या गेल्या नाहीत. बायकोचं काम माझ्याकडे होतं.

मंडळात जवळजवळ सगळेच पीएचडी, त्यामुळे नाटकापेक्षा नाटकावरची चर्चा जास्त. विलास लायब्ररीतून भ्रम आणि वास्तवावरची पुस्तकं काढून आणायचा आणि वाचून दाखवायचा. अरविंदचं म्हणणं, की शेवट पटत नाही. "यार, बायकोला माहीत आहे आणि ती इतकी वर्षं गप्प? आपल्याकडची बाई दुसऱ्या दिवशी हिशेब मागेल." त्यावर मी तावातावाने बोलले होते. बायकांना सगळं माहीत असतं, म्हटलं. त्या बोलत नाहीत एवढंच. तुम्ही लपवता कुठे, आम्ही ते झाकतो कसं, हे तुम्हाला कळतच नाही. सगळ्यांनी मान डोलावली. मला माझं बोलणं फार आवडलं होतं. घरी जाताना गाडीत मी ते पुन्हा एकदा श्रीधरला ऐकवलं. तो म्हणाला, "खरं आहे."

आता खोक्यांबद्दल सांगायला हवं. आज ऐकणाऱ्याला वेडेपणा वाटेल, पण त्या काळी आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी ती असत. आम्ही सगळे परत जाणार होतो. कुणी दोन वर्षांत, कुणी प्रमोशन झाल्यावर, कुणी मूल पहिलीत जायच्या आत. म्हणून भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत, चांगला पलंग घ्यायचा नाही, पडदे म्हणजे जुन्या साड्या. आणि तिकडे नेण्यासाठी दरवर्षी एक वस्तू घेऊन ठेवायची, दोनशेवीस व्होल्टची. न्यूयॉर्कमध्ये अशा वस्तूंची दुकानं होती. इथल्या भिंतीत एकशेदहा व्होल्ट, म्हणजे ती वस्तू इथे धड चालणार नाही. घेतली की पॅकबंद ठेवायची, उघडायची नाही. कुणाच्या तळघरात किती खोकी आहेत, यावरून तो परत जायच्या बाबतीत किती गंभीर आहे हे ठरत असे.

आमच्याकडे आठ होती. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही न्यूयॉर्कला जायचो. गाडी लावायला जागा मिळत नसे, म्हणून मी आणि मेधा गाडीत बसायचो आणि श्रीधर जाऊन वस्तू घेऊन यायचा. घरी आल्यावर तो खोक्याला दोरी बांधायचा आणि जाड मार्करने वर सुवाच्य अक्षरात लिहायचा: वस्तूचं नाव आणि साल. मिक्सर, अठ्ठ्याहत्तर. इस्त्री, एकोणऐंशी. मग तो हात झटकत म्हणायचा, "चला, पुढच्या वर्षी." मला ते ऐकून बरं वाटायचं. मिरजेला आईला पत्र लिहिताना मी ते जसंच्या तसं उतरवून काढायचे.

माझं मन इथे कधी लागलं नव्हतं. हे मी तेव्हा कुणाला सांगत नसे, कारण सांगण्याची गरज नव्हती. आपण जाणारच आहोत तर रडायचं कशाला. हिवाळा आला की मी तळघरात जायचे, कपडे धुवायच्या यंत्राशी उभी राहून खोक्यांकडे बघायचे आणि वर येऊन पोळ्या करायचे. त्या खोक्यांवर माझी आठ वर्षं निघाली, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

विलासला नाटकात पंखा हवा होता. वर्ध्याचा उन्हाळा, कोंदट खोली, आणि टेबलावर कण्हत फिरणारा पंखा. इथले पंखे जोरात फिरतात, ते नको. मग त्यालाच सुचलं. "कुणाकडे इंडियासाठी घेतलेला पंखा आहे का? टू-ट्वेंटीचा पंखा वन-टेनवर लावला तर असा मरगळून फिरेल ना, की आणखी काही ॲक्टिंग करायलाच नको." हॉलमधल्या इंजिनियर लोकांनी एकमताने दुजोरा दिला. मी म्हटलं, आमच्याकडे आहे. पंखा, ब्याऐंशी.

घरी हे सांगितलं तेव्हा श्रीधर जेवत होता. "तो नको उघडू," तो म्हणाला. "पॅकिंग जाईल. दुसऱ्या कुणाचा बघा." मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तो स्वतः वीज खात्यातलाच इंजिनियर म्हणावा असा माणूस, संशोधन प्रयोगशाळेत दिवसभर सर्किटं जोडणारा. आपल्या वस्तूंना दुसऱ्याने हात लावलेला त्याला खपत नसे. पण मी शब्द दिला होता. रंगीत तालमीच्या दिवशी तो ऑफिसच्या कामासाठी बाहेर गेला होता, संध्याकाळी थेट हॉलवर यायचा होता. मी खोकं उचललं, गाडीत घातलं आणि नेलं.

दोरी विलासने कापली. प्लग इकडचाच चपटा निघाला. "बरं झालं, बदलायला नको," कुणीतरी म्हणालं. अरविंद धोतर सावरत खुर्चीत बसला. मी पदर खोचून स्टोव्हपाशी. कागदी पानांची दोन संत्र्याची झाडं मागे उभी होती. विलासने पंख्याचं बटण दाबलं.

पंखा असा सुटला की झाडांची निम्मी पानं उडाली. विलासच्या संहितेची पानं हॉलभर, माझा पदर सुटून तोंडावर, मेधाची वही जमिनीवर. सगळे पोट धरधरून हसले. मेधाही हसली. अरविंद म्हणाला, "यार, श्रीधरला दुकानदाराने टोपी घातली! टू-ट्वेंटी म्हणून वन-टेन गळ्यात मारला!" तेवढ्यात श्रीधर जिना उतरून आला होता. कोट अंगावरच होता. तो हसला नाही. सरळ पंख्यापाशी आला, खटका खाली ओढला आणि म्हणाला, "एकवर ठेवा. हळू फिरेल."

मी हसत होते, ती थांबले. ज्याने आयुष्यात कुठली वस्तू मागची पट्टी वाचल्याशिवाय विकत घेतलेली नाही, टॉर्चमधले सेल घेतानाही जो चष्मा लावतो, त्याला कुठला दुकानदार टोपी घालणार?

दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी प्रयोग होता. सकाळीच श्रीधर शाळेच्या ऑडिटोरियमकडे गेला. पडदा ओढायचं काम त्याच्याकडे होतं. मी तळघरात गेले. बाहेर लख्ख ऊन होतं, वरच्या आडव्या खिडकीतून ते धुलाईयंत्रावर पडलं होतं. मी स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि एकेका खोक्याची दोरी कापून प्रत्येक वस्तू उलटी करून वाचली. मिक्सर, अठ्ठ्याहत्तर: दोनशेवीस. इस्त्री, एकोणऐंशी: दोनशेवीस. ऐंशीचा टेपरेकॉर्डर, एक्क्याऐंशीची शेगडी: दोनशेवीस. ब्याऐंशीचा पंखा हॉलवर होता. त्र्याऐंशीचा टोस्टर एकशेदहा. चौऱ्याऐंशीची किटली, पंच्याऐंशीचं केस वाळवायचं यंत्र, दोन्ही एकशेदहा.

एक्क्याऐंशी आणि ब्याऐंशीच्या मध्ये काय झालं होतं, ते आठवायला वेळ लागला नाही. श्रीधरचे वडील गेले होते. तो एकटाच जाऊन आला, दिवस करून. त्याची आई आधीच गेली होती. भावाने घर विकायला काढलं. परत आला तेव्हा विमानतळावर मी विचारलं, कसं होतं सगळं? तो म्हणाला, "ठीक. पुढच्या वर्षी नक्की जायचं." तोवर तो नुसतंच पुढच्या वर्षी म्हणायचा. 'नक्की' हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा आला, आणि मी तो आनंदाने पत्रात लिहिला होता.

एकशेदहाच्या वस्तू का घेतल्या असतील, हेही मला तिथेच कळलं. काहीच न घेता यावं, तर मी विचारलं असतं. दोनशेवीसची घ्यावी, तर ती कायमची पडून राहिली असती, आणि वस्तू वाया घालवणं त्याच्या स्वभावात नाही. कधीतरी ही उघडेल, तेव्हा निदान उपयोगी पडेल. माझा नवरा खोटं बोलतानाही काटकसरी होता. हे आज मी हसत लिहिते. त्या सकाळी मला संताप आला होता, आणि संतापापेक्षा जास्त लाज वाटली होती. बायकांना सगळं माहीत असतं, असं भर हॉलमध्ये ठणकावून सांगणारी मी.

प्रयोगाबद्दल दोनशे शब्द हवे असतील तर ते हे. ऑडिटोरियम निम्मं भरलं होतं. मुलं खुर्च्यांमधून पळत होती. पंखा एकवर छान फिरला. अरविंद पहिल्या अंकात दोनदा अडला, विलासने विंगेतून सावरून घेतलं. शेवटचा प्रवेश आला. अरविंद ट्रंकेवर बसला आणि म्हणाला, "काटोलची बाग आता आपली नाही." मी त्याच्याकडे जाऊन खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, मला माहीत होतं. मी गेले. हात ठेवला. वाक्य येईना.

"मला माहीत होतं," विलास विंगेतून म्हणाला. थोडं थांबून पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने. पहिल्या रांगेला ऐकू गेलं असावं. समोरच्या विंगेत श्रीधर पडद्याची दोरी धरून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

अरविंद आज्ञाधारक नट. त्याला पुढचं वाक्य पाठ होतं, ते त्याने म्हटलं. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"माहीत नव्हतं म्हणून," मी म्हटलं. "तू सांगायला हवं होतंस."

यापुढे संहिता नव्हती. अरविंद माझ्याकडे बघत राहिला, घड्यांचं धोतर मुठीत धरून. मग पडदा आला. प्रवेश संपायला अजून दीड पान होतं, पण श्रीधरने पडदा ओढला होता, दोन्ही हातांनी, सावकाश, कुठेही न अडकू देता.

नंतर चहा आणि बटाटेवडे. शेवट बदलला हे फार छान केलं, असं मला सहा-सात जणांनी सांगितलं. वास्तवाच्या जास्त जवळ गेलं म्हणे. एका काकांनी मुळात कसं आहे ते विचारलं आणि विलासने त्यांना पंधरा मिनिटं समजावून सांगितलं; माझ्याशी मात्र तो महिनाभर बोलला नाही. मी वडा खाल्ला. भूक लागली होती.

भ्रम आणि वास्तवाबद्दल मला तेव्हा काही म्हणता आलं नसतं आणि आजही फारसं म्हणता येत नाही. पुस्तकांत ते दोन वेगवेगळे पक्ष असतात, समोरासमोर उभे. घरात तसं नसतं. घरात एक जण दोरी बांधतो, दुसरी ती दोरी बघून पोळ्या लाटते. मला खरंच माहीत नव्हतं का? आठ वर्षांत एकदाही मी गाडीतून उतरून दुकानात गेले नाही. जागा मिळत नसे हे खरं. पण गाडीत तोही थांबू शकला असता. एकदा तो मेधाला घेऊन चक्कर मारत राहिला असता आणि मी दुकानात गेले असते. हे मला कधी सुचलं नाही. काही वर्षी मला वाटतं, मला फसवलं. काही वर्षी वाटतं, मीच त्याला ते काम लावून दिलं होतं. यंदा काय वाटतं, ते अजून ठरलेलं नाही.

दोनशेवीसच्या चार वस्तू पुढे कुणी फुकटसुद्धा घेतल्या नाहीत. एकशेदहाच्या आम्ही वापरल्या. किटली चांगली निघाली, वीस वर्षं चालली.

पण तो रविवार. आम्ही परतत होतो, पाच वाजले असतील. दोन्ही बाजूंनी पिवळी झाडं, तिरकं ऊन. श्रीधर गाडी चालवत होता. मेधा मागे बसली होती, मांडीवर माझी नाटकातली शाल.

"पट्ट्या वाचल्यास?" श्रीधरने विचारलं.

"सगळ्या."

तो रस्त्याकडे बघत होता. "मला वाटलं, तुला माहीत असेल. तू त्या दिवशी म्हणालीस ना, बायकांना सगळं माहीत असतं."

"ते नाटकाबद्दल होतं," मी म्हटलं. "आणि चार वर्षं तू काय समजत होतास? ते तर मी गेल्या महिन्यात म्हटलं."

पुढचं वळण घेऊन तो म्हणाला, "तू खोक्यांकडे बघून वर यायचीस, तेव्हा गुणगुणत यायचीस. ते बंद होईल असं वाटलं."

माझा राग गेला नव्हता, पण तो ठेवायला जागा सापडेना. तेवढ्यात मागून मेधा म्हणाली, "सो आर वी मूव्हिंग टू इंडिया ऑर नॉट?"

"बघू," श्रीधर म्हणाला. "पुढच्या..." आणि तिथेच थांबला.

मी मागे वळले. आठ वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून निघेल असं मला वाटलं नव्हतं, आणि ते निघालं तेव्हा आवाज माझाच होता, विंगेतून कुणी सांगत नव्हतं. "नाही, मेधा," मी म्हटलं. "आपण नाही जाणार. आपण इथेच राहणार आहोत."

मला वाटलं होतं तिला आनंद होईल. ती खिडकीबाहेर बघत होती. कपाळाला आठी घालून, काहीतरी अवघड सोडवायला दिल्यासारखी.

"ओके," ती म्हणाली. "पण मग मी स्कूलमध्ये काय सांगू? एव्हरी जून, आय से गुडबाय टू एव्हरीबडी. लास्ट डेला. कारण बाबा म्हणतात, पुढच्या वर्षी. अँड देन सप्टेंबरमध्ये मी परत जाते अँड दे ऑल जस्ट लुक ॲट मी. आय टेल देम, कॅन्सल झालं."

श्रीधरने गाडी हळू केली. मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि ती पुढे निघून गेली.

"मिस सगळ्यांना साइन करायला लावतात," मेधा म्हणाली. "बिग कार्ड. वी विल मिस यू, मेधा."

"तू कधी दाखवलं नाहीस," मी म्हटलं. "घरी आहे का ते? घरी गेल्यावर मला दाखवशील?"

"विच वन?" ती म्हणाली. "देअर आर थ्री."